‘त्यात काय सांगायचं?’ म्हणणाऱ्या बाबांना काय विचारायचं

प्रश्न: माझे बाबा ३४ वर्षं एका कारखान्यात लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) टर्नर होते. निवृत्त होऊन १२ वर्षं झाली, आता वय ७०. माझ्या मुलांनी आजोबांना कधी काम करताना पाहिलेलंच नाही, म्हणून त्यांच्या आठवणी जपाव्यात असं फार वाटतं. गेल्या वाढदिवसाला त्यांना प्रश्न छापलेली आठवणींची वही दिली. ती अजून कोरी आहे. मागच्या महिन्यात सगळे हॉलमध्ये बसलो, फोन टीपॉयवर ठेवून रेकॉर्डिंग लावलं आणि म्हटलं, ‘बाबा, तुमच्या नोकरीबद्दल सांगा.’ ते म्हणाले, ‘त्यात काय सांगायचं? सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो.’ ११ मिनिटांत सगळं आटोपलं. त्यातही आई मध्ये मध्ये त्यांची सालं दुरुस्त करत होती. एक प्रश्न तर मी तीनदा विचारला, तरी ते भलतंच काहीतरी बोलले. नंतर ऐकलं तर निम्मा वेळ पंखाच ऐकू येतो. त्यांना खरंच आठवत नाही, की सांगायचंच नाही? (आईचं तसं काही नाही, ती घरीच शिवणकाम करायची.)
— एक मुलगी

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

बाबांनी दिलेलं उत्तर तुमच्या प्रश्नाला अगदी जुळणारं आहे. ‘नोकरीबद्दल सांगा’ म्हणजे ३४ वर्षांची गोळाबेरीज मागणं, आणि गोळाबेरीज मागितली की माणूस गोळाबेरीजच देतो. सुमारे दहा हजार पाळ्या त्यांनी चार शब्दांत बसवल्या, यात आठवण नसल्याचं काहीच दिसत नाही.

रोज तेच काम केलं की ते दिवस मनात सुटे राहत नाहीत, एकमेकांत मिसळून त्यांचा एकच ‘नेहमीचा दिवस’ होतो. सुटे राहतात ते वेगळे दिवस: पहिला, शेवटचा, मशीन बंद पडलं तो, नवा साहेब आला तो. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या माणसाला साधारण वयाच्या १० ते ३० या काळातलं इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त स्पष्ट आठवतं, हे स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलेलं आहे. बाबा चोविशीच्या आसपास कामाला लागले असणार. म्हणजे नोकरीची पहिली पाच-सहा वर्षं हीच त्यांची श्रीमंत जागा. तिथून सुरुवात करा. मधली वीस वर्षं आपोआप मागून येतात, आणि ‘निवृत्तीच्या दिवशी काय वाटलं’ हा सगळ्यांचा आवडता प्रश्न तर पहिल्या महिनाभर तोंडातूनही काढू नका.

आता विचारायचं काय, तर हातांबद्दल. कारागिराची आठवण क्रमात असते: आधी हे, मग ते, आणि ते चुकलं तर काय. तुम्हाला लेथची थोडी तोंडओळख असेल तर प्रश्न आपोआप नेमके होतात. लेथवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतो आणि टूल स्वतः न फिरता त्याला कापत सरकतं. जॉब चकमध्ये, म्हणजे जबड्यांच्या पकडीत, धरतात. तीन जबड्यांच्या चकमध्ये तो जवळजवळ आपोआप मध्यावर येतो. चार जबड्यांच्या चकमध्ये प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, त्यामुळे डायल (फरक दाखवणारं मापक) लावून, एक जबडा सैल, समोरचा घट्ट, असं करत जॉब मध्यावर आणावा लागतो. नवशिक्याचा त्यात अर्धा तास जातो, जुना टर्नर काही मिनिटांत उरकतो. तेव्हा ‘काम अवघड होतं का?’ यापेक्षा ‘चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब सेंटर करायला तुम्हाला कुणी शिकवलं? तो कसा शिकवायचा, सांगून की ओरडून?’ असं विचारा. या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटता येत नाही, आणि त्याच्यामागे एक माणूस उभा आहे. बाबांना पहिल्यांदा लेथ हातात देणारा तो माणूस त्यांना नक्की आठवत असेल.

असेच आणखी काही: टूल स्वतः ग्राइंडरवर घासून धार लावायचात की टूलरूममधून यायचं? धार बरोबर लागली हे कशावरून कळायचं? जॉबला कंप सुटला की आवाज कसा यायचा, आणि मग आधी काय बदलायचात, वेग की टूलची लांबी? मायक्रोमीटर स्वतःचा होता की मागून घ्यावा लागायचा? सगळ्यात छोटा जॉब केवढा होता, सगळ्यात मोठा केवढा? हातातून गेलेला, फुकट गेलेला जॉब कुठला? (हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या बैठकीत. चूक सांगायला माणसाला आधी थोडं तापावं लागतं.) शेजारच्या मशीनवर कोण होतं? त्याची सवय काय होती? पाळी बदलताना पुढच्याला मशीन कसं सोपवायचं, काय बोलायचं? रात्रपाळीला झोप आली तर काय करायचात? सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन पहिल्यांदा शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या तुमच्या विभागात, उतरलं तेव्हा ते कुठे ठेवलं, आणि त्याच्यावर कुणाला बसवलं?

एका बैठकीला यातले तीन प्रश्न पुरे होतात. कागदावर वीस लिहून नेले की विचारणाऱ्याचं लक्ष पुढच्या प्रश्नावर राहतं आणि समोरचा बोलता बोलता एखादं दार उघडतो ते आपल्याला दिसतच नाही. ‘मग तो बदली होऊन गेला’ असं बाबा सहज म्हणतील. कागद बाजूला ठेवा आणि विचारा, ‘का?’

प्रश्नापेक्षा जास्त चालणारी एक गोष्ट आहे: चुकीचं विधान. ‘बाबा, निळा कीस निघाला म्हणजे काम छान चाललंय ना?’ असं म्हणून बघा. हायस्पीड स्टीलच्या टूलवर लोखंडाचा कीस निळा पडायला लागला तर वेग जास्त झालाय, धार जाणार. कार्बाइडच्या टूलवर मात्र निळा कीस निघणं सहसा ठीक असतं. ज्यानं दोन्ही टूलं वापरली आहेत तो माणूस हे ऐकून गप्प बसूच शकत नाही. तसंच, ‘चकची किल्ली चकमध्येच ठेवत असाल ना, हरवू नये म्हणून?’ किल्ली तशीच राहिली आणि मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. प्रत्येक टर्नरच्या अंगात हा नियम मुरलेला असतो आणि तो मोडल्याचा निदान एक किस्सा प्रत्येक शॉपमध्ये असतो. ही युक्ती बैठकीत एकदाच वापरा. दुसऱ्यांदा लक्षात येते.

हातात वस्तू द्या. जुना व्हर्नियर, गेटपास, हजेरीचं टोकन, नेमणुकीचं पत्र, सुपारीएवढा एखादा पितळी तुकडा, जे घरात सापडेल ते. एका वेळी एकच. वस्तू हातात आली की माणूस तिच्याकडे बघून बोलतो, कॅमेऱ्याकडे किंवा आपल्याकडे नाही, आणि त्यानं मोकळा होतो. काहीच सापडलं नाही तर कोरा कागद आणि पेन्सिल द्या: ‘शॉपचा नकाशा काढा. तुमचं मशीन कुठे? दार कुठे? साहेबाची केबिन? पाणी प्यायला कुठे जायचात?’ नकाशा काढताना प्रत्येक कोपऱ्यात एक माणूस उभा राहतो. कोऱ्या वहीला न मिळालेली उत्तरं बहुधा या एका कागदाला मिळतील. काढून झाल्यावर कोपऱ्यात तारीख आणि ‘बाबांनी आठवणीतून काढलेला’ एवढं लिहून ठेवा.

व्हिडिओ घ्यायचाच असेल तर चेहऱ्याचा घेऊ नका, हातांचा घ्या. रिकाम्या हातांनी त्यांना कामाचा क्रम करून दाखवायला सांगा: जॉब कसा उचलायचा, किल्ली कुठल्या हातात, पाय कुठे. जमलं तर ओळखीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये परवानगी काढून त्यांना अर्धा तास न्या. तिथे गेलात तर ओढणी, सैल बाह्या, गळ्यातलं, अंगठी, हातमोजे यांपैकी काही फिरत्या मशीनजवळ नको, केस बांधलेले हवेत, पायात बंद बूट हवेत आणि मुलं दोन पावलं मागे. हे बाबाच तुम्हाला सांगतील. फक्त ते सांगत असताना रेकॉर्डिंग चालू असू द्या.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ: प्रश्न तीनदा विचारला आणि ते भलतंच बोलले. यात विसराळूपणा शोधण्याआधी कान तपासून घ्या. वर्षानुवर्षं यंत्रांच्या आवाजात काम केलेल्यांची श्रवणशक्ती बहुतेक वेळा आधी ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, विशेषतः ४००० च्या आसपास, खालावते. आवाज ऐकू येतो, पण शब्द नीट लागत नाही, कारण स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच वरच्या पट्ट्यावर अवलंबून असते. बायकांचे आणि मुलांचे उंच आवाज त्यांना जास्त अवघड जातात. त्यात पंखा चालू आणि चार माणसं एकाच वेळी बोलणारी! अशा माणसाला अर्धा प्रश्न ऐकू येतो, उरलेला तो अंदाजानं भरून काढतो, आणि पुन्हा पुन्हा ‘काय?’ म्हणायची लाज वाटते म्हणून दोन शब्दांत आटोपतं घेतो. तुमच्या ११ मिनिटांचं अर्धं कारण कदाचित इतकंच असेल.

म्हणून कानाची तपासणी करून घ्याच, आठवणींसाठी नसली तरी. तोवर असं करा: त्यांच्या समोर, हातभर अंतरावर बसा. उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू दे, पाठीमागे खिडकी नको, कारण ते नकळत ओठ वाचत असतात. ओरडू नका, ओरडल्यानं आवाज उंच होतो आणि शब्द आणखी बिघडतात. आवाज थोडा खाली आणून, सावकाश, एका वेळी एकच प्रश्न विचारा. कळला नाही तर तेच शब्द पुन्हा न म्हणता वेगळ्या शब्दांत विचारा. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेलं आणि चार्ज केलेलं असू दे.

तोच पंखा तुमच्या रेकॉर्डिंगलाही खाऊन गेला. माणसाचा कान नको तो आवाज बाजूला सारतो, फोनचा माइक सगळं सारखंच उचलतो. त्यात फोन टीपॉयवर होता, म्हणजे पेला ठेवल्याचा, बोटं वाजवल्याचा प्रत्येक ठोका लाकडातून थेट माइकमध्ये. यासाठी महागडं काही लागत नाही. बसायला हॉलऐवजी झोपायची खोली निवडा; गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट आवाजाचा घुमारा शोषून घेतात. खिडक्या लावा, पंखा बंद करा, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार ओढून घ्या. उकाड्याचे दिवस असतील तर सकाळी लवकर बसा, नाहीतर वीस मिनिटांनी थांबून पंखा लावा आणि मग पुन्हा बंद करा. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मधेच कुणाचा कॉल येऊन रेकॉर्डिंग तुटणार नाही. चार घड्या घातलेल्या टॉवेलवर, त्यांच्या तोंडापासून ३० ते ४० सेंटीमीटरवर तो ठेवा. फोनचा माइक सहसा खालच्या कडेला असतो, ती कड त्यांच्याकडे. कॉलरला लावायचा माइक असेल तर हनुवटीखाली १५ ते २० सेंटीमीटरवर, साखळी किंवा खिशातल्या पेनाला घासणार नाही असा लावा.

मग दोन मिनिटं चाचणी रेकॉर्ड करा आणि ती इअरफोन लावून ऐका. फोनच्या छोट्या स्पीकरवर पंख्याची घरघर कळत नाही, इअरफोनवर लगेच कळते. लोक ही एक पायरी हमखास गाळतात आणि नंतर हळहळतात. फोनमध्ये जागा किती हेही आधी बघा. साध्या एम४ए फाइलला तासाला साधारण ६० एमबी लागतात, तर न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही फाइलला, एकाच चॅनलची असली तरी, ३२० एमबीच्या आसपास. बोलण्यासाठी एम४ए पुरते. जागा असेल तर डब्ल्यूएव्ही घ्या. सुरुवातीला तुम्हीच बोला: तारीख, जागा, कोण बोलतंय, कोण विचारतंय. पंधरा सेकंदांचं काम आहे, पण वीस वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला दुसरं काहीच कळायचा मार्ग नसतो.

वेळ ४० मिनिटं. २००३ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात ‘स्टोरीकॉर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. एका छोट्या बूथमध्ये एकमेकांना ओळखणारी दोन माणसं बसायची आणि ४० मिनिटं बोलायची. ती रेकॉर्डिंग अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपली जातात. आपल्यालाही तेवढाच वेळ बरा. सुरुवातीची दहा मिनिटं कुणीही अवघडलेलं असतं, खरं बोलणं नंतर सुरू होतं, आणि पाऊण तासानंतर वयस्कर माणूस थकतो, भले तसं कबूल न करो. रंगात आलेले असताना थांबा. ‘हे पुढच्या वेळी नक्की’ म्हणून शेवटचं वाक्य लिहून ठेवा आणि पुढची बैठक तिथूनच सुरू करा. आठवड्यातून एकदा बसलात तरी दोन महिन्यांत पाच तासांहून जास्त जमतं.

बोलताना तुमची दोन कामं. एक, मध्ये ‘हो?’, ‘अरे वा!’ करू नका. ते त्यांच्या शब्दांवर चढून बसतं. मान हलवा. दुसरं, ते थांबले की मनातल्या मनात सातपर्यंत मोजा. फार लांब वाटतं. पण पहिलं उत्तर बरेचदा सगळ्यांना सांगून गुळगुळीत झालेलं असतं, आणि शांततेनंतर जे येतं ते तुम्ही आधी कधीच ऐकलेलं नसतं. आणि ‘आठवतं का?’ या शब्दांनी प्रश्न सुरू करू नका. ती परीक्षा होते, आणि नाही आठवलं तर माणूस खजील होऊन मिटतो.

आई सालं दुरुस्त करत होती ते बरोबरच असेल, पण त्या क्षणी साल महत्त्वाचं नसतं. त्यांना त्या खोलीतून घालवू नका, राग येईल आणि तोही रास्त असेल. हातात वही-पेन द्या: ‘तुला जे वेगळं आठवतंय ते लिहून ठेव, आपण नंतर ते वेगळं रेकॉर्ड करू.’ सालं नंतर लावता येतात, तीही सालं न विचारता. ‘तेव्हा आपण कुठल्या घरात होतो? माझा जन्म झाला होता का? मी कितवीत होते?’ अशा खुंट्यांना घटना अडकवल्या की दोन-तीन वर्षांच्या आत साल सापडतं. पगारपत्रकं, नेमणुकीचं आणि बढतीचं पत्र, सेवेचा दाखला यांच्यावरून मग ते पक्कं होतं. हे कागद ३०० डीपीआयला स्कॅन करा, छोटे फोटो ६०० ला. फोटोच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेननं पुढच्या बाजूला वळ उमटतात.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवा. तुम्ही न्यायाधीश नाही.

‘सांगायचंच नाही’ असंही असू शकतं. ३४ वर्षांत अपघात झालेला असतो, संप झालेला असतो, कुणाचं बोट गेलेलं असतं, कुणी अपमान केलेला असतो, एखाद्याची नोकरी आपल्या डोळ्यांदेखत गेलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी तीन गोष्टी स्वच्छ सांगा: हे कोण कोण ऐकणार, कुठे ठेवणार, आणि ‘हे काढून टाक’ म्हणाल ते काढून टाकणार. मग त्याप्रमाणे वागा. एखादी क्लिप परस्पर कुटुंबाच्या ग्रुपवर गेली की पुढची बैठक विसरा. सहकाऱ्यांबद्दल जे बोलतील ते तर घराबाहेर जाऊच देऊ नका. ती माणसं किंवा त्यांची मुलं हयात आहेत आणि त्यांना कुणी विचारलेलं नाही. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं तर झटकन फोन बंद करू नका आणि विषयही बदलू नका. थोडं थांबून विचारा, ‘थांबायचं की बोलायचं?’ ते ठरवतील. मात्र एखाद्या आठवणीनंतर झोप उडाली, दिवस दिवस बेचैनी राहिली, तर तो विषय तिथेच सोडा आणि डॉक्टरांशी बोला.

रेकॉर्डिंगच नको म्हणाले तर नको. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, अमेरिकेतल्या फेडरल रायटर्स प्रोजेक्टच्या लेखकांनी साध्या कष्टकऱ्यांच्या हजारो कहाण्या टिपल्या, त्या बहुतेक रेकॉर्डरशिवाय: ऐकायचं, टिपणं काढायची आणि नंतर बसून लिहायचं. तुम्हीही तसं करा, फक्त तासाभराच्या आत. जेवढा उशीर कराल तेवढे त्यांचे शब्द जाऊन तुमचे येतील. ते ‘जॉब’ म्हणतात तेव्हा त्यांना नोकरी म्हणायची नसते, चकमध्ये पकडलेला तुकडा म्हणायचा असतो. तो ‘जॉब’च लिहा. शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी करत चला आणि अर्थ त्यांनाच विचारा. ही यादी रेकॉर्डिंगलाही लागणार आहे, कारण आवाजावरून मजकूर करणारी साधनं नेमके हेच शब्द चुकवतात.

सगळं रेकॉर्डिंग उतरवून काढायचा संकल्प करू नका. एक तासाचं बोलणं हातानं उतरवायला चार ते सहा तास जातात. उत्साह दुसऱ्या फाइलपाशी संपतो आणि मग त्या अपराधीपणात बैठकाही थांबतात. त्याऐवजी प्रत्येक फाइलची अर्ध्या पानाची सूची करा: ‘०४:१० पहिला दिवस, ११:३० वस्तादांचा राग, २६:०० रात्रपाळी.’ जे पाच-सहा तुकडे खरोखर झकास आहेत तेवढेच शब्दशः उतरवा. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग नाव, मग विषय, म्हणजे त्या आपोआप क्रमानं लागतात. प्रती तीन ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा भावाबहिणीकडे. पेनड्राइव्ह कपाटात टाकून निश्चिंत होऊ नका. तो वर्षानुवर्षं न लावता पडून राहिला तर त्यातलं जाऊ शकतं. वर्षातून एकदा प्रत्येक प्रत उघडून बघा. फाइल देवाणघेवाणीच्या अ‍ॅपवरून पाठवायची वेळ आली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. तिथेच दाबून रेकॉर्ड केलेला आवाज दर्जानं उतरतो.

मुलांना आणायचं ते तिसऱ्या बैठकीनंतर आणि १५ मिनिटांसाठी. त्यांचे प्रश्न आधी दुरुस्त करू नका. ‘आजोबा, तुम्हाला भीती वाटायची का?’ किंवा ‘तुम्ही बनवलेलं आता कुठे आहे?’ हे मोठ्यांना सुचत नाही. दुसऱ्या प्रश्नावर तर बाबा बराच वेळ थांबतील. त्यांनी घडवलेला एखादा शाफ्ट कुठल्या यंत्रात अजून फिरत असेल, हे बहुतेक टर्नरना शेवटपर्यंत कळत नाही.

आता कंसातलं वाक्य. ‘आईचं तसं काही नाही, ती घरीच शिवणकाम करायची.’ रागावू नका, पण त्या कंसात बाबांच्या नोकरीइतकंच मोठं काहीतरी दडलेलं आहे. किती वर्षं? दिवसाला किती ब्लाउज? पहिलं गिऱ्हाईक कोण, आणि ते घरापर्यंत कसं आलं? शिलाई किती सांगायची हे कुणी ठरवलं, आणि पैसे बुडवणाऱ्यांचं काय केलं? कापड कापताना चुकलं तर ते कसं निभावलं? मशीन खिडकीशी होतं का, आणि संध्याकाळी उजेड गेल्यावर काय? घरात मूल आजारी असताना दिलेल्या तारखेला काम कसं पोचवलं? ते मूल बहुधा तुम्हीच होतात.

मापांची वही अजून असेल तर ती आधी शोधा. एकाच बाईचं वर्षानुवर्षांचं माप त्यात ओळीनं सापडेल: लग्नाआधीचं, बाळंतपणानंतरचं, उतारवयातलं. ती वही हातात घेऊन आई पानापानाला बोलतील, त्यांना वेगळे प्रश्नच लागणार नाहीत. पानांचे फोटो काढून ठेवा, पण नावं झाकून. ती दुसऱ्यांच्या शरीरांची मापं आहेत.

आणि ‘मी कुठे नोकरी केली?’ असं म्हणून त्यांनी हात झटकले, तर वाद घालू नका. रेकॉर्डिंगची परवानगी आदल्या दिवशी घेऊन ठेवा. दुसऱ्या दिवशी मशीनवरचं झाकण काढा, वरचा दोरा खालीवर होणाऱ्या दांड्याच्या भोकातून न घेता सरळ सुईत ओवा, आणि कापडाचा एक तुकडा त्यांच्यापुढे ठेवून ‘जरा शिलाई मारून दाखव’ म्हणा. खालच्या बाजूला दोऱ्याच्या गुंतवळ्या जमतील. त्या ‘कुणी ओवलंय हे?’ म्हणतील तेव्हा फोन टॉवेलवर, रेकॉर्डिंग चालू असलेला, असू द्या.